ओहोळाच्या उलट वाटेने

कोकण विभागीय आयुक्तांची कचेरी, सिडकोचे मुख्यालय, नवी मुंबई महानगरपालिकेचे दफ्तर, रिझर्व्ह बँकेची इमारत आणि या सर्वांच्या आश्रयाने वाढलेली मुद्रांकविक्रीची, झेरॉक्सची व चहाची दुकाने यांच्या वर्दळीत ज्याचा दिवस जातो, त्या माणसाला सीबीडी बेलापूर हे मूलतः डोंगर आणि खाडी यांच्या बेचक्यात वसलेले ठिकाण आहे, याची आठवण सहसा मृग लागल्यावरच होते. उन्हाळाभर करड्या दिसणाऱ्या पारसिकच्या रांगेवर पहिल्या दमदार सरींनंतर पांढऱ्या रेघा उमटू लागतात, आणि कचेरीच्या खिडकीतून त्या रेघांकडे पाहता पाहता कोणाच्या तरी मनात रविवारचा बेत शिजतो. बेत स्तुत्य आहे. त्याची वेळ मात्र बहुधा चुकीची असते. घळींतून आणि रानातल्या ओहोळांच्या काठाने चालणे हा आपल्या मुलखातल्या भटकंतीचा सर्वांत समृद्ध प्रकार असूनही आपण तो नेमका अशा महिन्यांत करू पाहतो, की ज्या महिन्यांत ती वाट माणसाच्या नव्हे तर पाण्याच्या कब्जात असते. आणि पाण्याने कब्जा सोडल्यावर, म्हणजे वाट खऱ्या अर्थाने चालण्याजोगी झाल्यावर, आपले लक्ष दिवाळीच्या खरेदीकडे लागलेले असते.

पारसिकची रांग कळवा-मुंब्र्याकडून दक्षिणेस उतरत बेलापुरापाशी येते. उत्तरेच्या टोकाला तिच्या पोटातून रेल्वेने १९१६ साली सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा काढला, तोच पारसिकचा बोगदा; दक्षिणेच्या टोकाला पनवेलच्या खाडीवर नजर ठेवणारा बेलापूरचा किल्ला, जो मराठ्यांनी १७३३ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला आणि जो आज भग्न बुरुजांच्या रूपाने कसाबसा उभा आहे. बेलापुराच्या पूर्वेस खारघरचे डोंगर. या दोहोंच्या दरम्यान केवळ दोन जिल्ह्यांची नव्हे, तर आता दोन महानगरपालिकांचीही हद्द जाते: बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबई महानगरपालिकेत, तर खारघर रायगड जिल्ह्यात आणि २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत. पाण्याला अर्थातच या सरहद्दीची खबर नसते. ते माथ्यावरून ज्या बाजूला कलते त्या बाजूच्या ओहोळात उतरते, आणि दोन्हीकडचे अखेरीस एकाच खाडीला मिळते.

ओहोळाचा अभ्यास उगमापासून करावा अशी शास्त्रीय रीत असली, तरी शहरात राहणाऱ्याने तो खालून वर, म्हणजे मुखाकडून माथ्याकडे करावा, असे माझे मत आहे. बेलापुरात हे फार सोयीचे पडते. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन खाडीकाठच्या मिठागरांच्या व भातखाचरांच्या सखल जमिनीवर नवे शहर उभे राहू लागले, तेव्हा एक जुनाच प्रश्न नव्याने पुढे आला: डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी आणि खाडीतून चढणारी भरती एकाच वेळी आली तर मधल्या वस्तीने जावे कोठे? उपाय म्हणून समुद्रसपाटीलगतच्या भूमीशी शतकानुशतके झगडलेल्या डच लोकांच्या धर्तीवर धारण तलाव बांधण्यात आले. भरतीच्या वेळी तलावाच्या तोंडाशी असलेल्या झडपा खाडीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात, डोंगराचे पाणी तलावात थोपून राहते, आणि ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जाते. आपल्या सोसायटीच्या भिंतीलगतचा जो काँक्रीटचा नाला आपण नाक दाबून ओलांडतो, तो या व्यवस्थेचा मधला दुवा आहे. आणि त्याच नाल्याचा काठ धरून उलट दिशेने चालू लागले, तर अर्ध्या-पाऊण तासात काँक्रीट संपते, दगड लागतात, आणि ज्याला आपण गटार समजत होतो तो ओहोळ होता असे ध्यानात येते.

सेक्टर आठमधील आर्टिस्ट व्हिलेज हा या चढणीवरचा एक मुक्काम. चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात रचलेली ही वसाहत वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते ती तिच्या लहानलहान चौकांसाठी: सात घरांचा एक चौक, अशा तीन चौकांचा मिळून मोठा चौक, आणि असा विस्तार होत होत पाचशेहून अधिक घरांची वस्ती. परंतु तेथे पायी फिरणाऱ्याला आणखी एक गोष्ट जाणवते, ती ही की या वसाहतीच्या मोकळ्या जागा ओहोळाच्या अनुरोधाने मांडलेल्या आहेत. पाण्याला वळवून, पुरून किंवा भिंतीआड दडवून टाकण्याऐवजी त्याला गावातला एक रहिवासी समजून जागा देणारे नगररचनाकार आपल्याकडे थोडेच झाले. पुढच्या मंडळींनी पारसिकच्या उतारावर काय केले, ते तुर्भे-शिरवण्याकडील दगडखाणींच्या उघड्या जखमा पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. ज्या दगडाने शहर उभे राहिले तो बराचसा याच डोंगरातून निघाला.

वसाहत मागे टाकून वर चढू लागले की वाट अरुंद होते आणि दोन्ही अंगांनी खडक जवळ येऊ लागतो. येथे थोडे भूशास्त्र सांगणे आवश्यक आहे, कारण घळ म्हणजे काय हे समजल्यावाचून तिच्यातून चालण्याची निम्मी गोडी हाती लागत नाही. सह्याद्री आणि त्याचे हे किनाऱ्याकडील फाटे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून भेगांवाटे वर आलेल्या लाव्हारसाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचे बनलेले आहेत. थरांमध्येही प्रत बदलते: काही थर घट्ट व कणखर, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी सच्छिद्र झालेले आणि त्यामुळे लवकर झिजणारे. मऊ थर झिजून मागे सरतो, वरचा कठीण थर छज्ज्यासारखा पुढे राहतो, आणि तेथे धबधबा तयार होतो. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे आहेत. पण पनवेलच्या आसपास ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला, वाकून कललेले आढळतात. भूशास्त्रज्ञ या रचनेला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात, आणि अरबी समुद्राचे खोरे खचताना किनाऱ्याची कडा मुडपली गेल्याची ती खूण मानली जाते. या मुडपण्याच्या प्रदेशात थरांना उभे छेद देणाऱ्या भेगा पुष्कळ, आणि त्या भेगांत नंतर घुसून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंतीही पुष्कळ. अशी भिंत आजूबाजूच्या खडकापेक्षा कणखर निघाली तर ती कुंपणासारखी उभी राहते. ठिसूळ निघाली तर पाणी तिलाच आधी पोखरते, आणि तिच्या जागी दोन कड्यांमधली सरळ, अरुंद, खोल चीर उरते. तीच घळ.

घळीचा तळ पाहण्यासारखा असतो, तो पाणी उतरल्यावर. ओहोळाच्या पात्रात हाताच्या ओंजळीपासून माणूस आत उभा राहील एवढ्या मापाचे वाटोळे खड्डे दिसतात, ज्यांना रांजणखळगे म्हणतात. एखाद्या खळग्यातले साचलेले पाणी हाताने उपसून पाहावे: तळाशी चार-दोन गोटे सापडतात, गुळगुळीत, काळेभोर, अंड्याच्या घाटाचे, आणि खळग्याच्या भिंतीवर बोट फिरवले तर आडव्या वळ्या लागतात. पुराचे पाणी भोवऱ्यासारखे फिरू लागले की हे गोटे आत गरगरतात आणि भिंत घासत राहतात. पूर ओसरला की थांबतात. पुढच्या आषाढात पुन्हा कामाला लागतात. पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर निघोजजवळ कुकडी नदीने याच रीतीने कोरलेले खळगे पाहायला दुरून लोक येतात. बेलापूर-खारघरच्या ओहोळांतले नमुने त्या मानाने किरकोळ आहेत, पण रचना तीच.

घळीतली झाडीही वरच्या पठारापेक्षा निराळी. पठारावर गवत आणि तुरळक पळस-पांगारा, उतारावर ऐन, किंजळ, कुडा व करवंदीच्या जाळ्या, आणि ओहोळाच्या काठाला, जेथे उन्हाळ्यातही मुळांना ओल मिळते, तेथे उंबर, करंज, जांभूळ यांची दाट सावली. सह्याद्रीच्या उतारांवर माती धरून ठेवणारी कारवी सात-आठ वर्षे नुसती पाने धरून राहते आणि मग एका पावसाळ्याअखेर डोंगरच्या डोंगर जांभळे करून, बी टाकून, वाळून जाते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हा सोहळा २००८, २०१६ आणि २०२४ साली झाला. भाद्रपदात ओल्या खडकांवर तेरडा फुलतो. पहाटे घळीच्या तोंडाशी एखाद्या उनाड मुलाने शीळ घालावी तसा आवाज ऐकू आला तर मुलगा शोधू नये. तो शीळकरी कस्तुर असतो, निळसर काळ्या रंगाचा, पाण्याच्या काठाने राहणारा आणि विणीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात, मुक्तकंठाने गाणारा. आधारासाठी फांदी धरताना ती आधी नीट पाहून घ्यावी, कारण ओहोळावर झुकलेल्या झुडपांत चापडा नावाचा हिरवा विषारी साप पानांच्या रंगात रंग मिसळून स्वस्थ पडून राहतो.

या रानाचे खरे जाणकार मात्र कचेऱ्यांच्या वस्तीत राहत नाहीत. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी या आदिवासी वाड्या आहेत. पनवेल-कर्जतच्या पट्ट्यात ठाकर आणि कातकरी समाजाच्या अशा वाड्या जागोजाग आढळतात. कातकरी लोकांचा पूर्वापार धंदा खैराच्या लाकडाचा काथ काढण्याचा. जंगल सरकारी झाले, खैर राखीव झाला आणि धंदा बुडाला. पण ज्ञान शिल्लक आहे. पावसाच्या पहिल्याच आठवड्यात पनवेल-बेलापूरच्या बाजारात या वाड्यांवरच्या बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात आणि शेजारी हिरव्या काकडांचा छोटा वाटा ठेवतात. शेवळाने घसा खवखवतो आणि काकडाच्या आंबटपणाने ती खाज मरते, हे गिऱ्हाईकाला ठाऊक नसले तरी विकणारी त्याला काकडाशिवाय शेवळे सहसा देत नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी ही पुढची पंगत. त्याच सुमारास ओढ्यांना पहिले पाणी येताच खालचे मासे प्रवाहाच्या उलट अंगाने, भातखाचरांकडे, अंडी घालण्यासाठी चढू लागतात, ती वलगण. वलगणीच्या रात्री गावकरी ओढ्यावर उतरतात, पण कोणत्या ओढ्यावर, किती वाजता, आणि कोणत्या दगडाच्या पुढे जायचे नाही, याचा नकाशा त्यांच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार असतो. शहरातून आलेल्या पाहुण्याजवळ तो नसतो, आणि सगळा घोटाळा तेथेच होतो.

हा घोटाळा अंकांत मांडून पाहू. मुंबई परिसरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीने सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तो अपवाद सोडला, तरी तासाला ५० मिलिमीटरची सर ही दरसालची घटना आहे. आता एखाद्या घळीत उतरणारा डोंगरउतार केवळ एक चौरस किलोमीटरचा धरा. अशा सरीच्या एका तासात त्या उतारावर ५ कोटी लिटर पाणी पडते. माती आधीच भिजलेली आणि खडक उघडा असल्याने त्यातले फारच थोडे मुरते. पण निम्मे मुरले असे उदारपणे मानले, तरी सेकंदाला सुमारे ७,००० लिटर पाणी त्या चार-पाच हात रुंदीच्या चिरेतून बाहेर पडू पाहते. उतार तीव्र असल्यामुळे माथ्यावरच्या सरीचे पाणी खाली पोहोचायला तासही लागत नाही, काही मिनिटे पुरतात. शिवाय सर माथ्यावर पडत असताना खाली घळीत ऊन असू शकते, ही त्यातली सर्वांत फसवी बाब. पाणी वाढण्याची लक्षणे आहेत: स्वच्छ पाणी अचानक तांबूस होते, त्याबरोबर वाळकी पाने व काटक्या येऊ लागतात, आणि खळखळीच्या जागी घरघर ऐकू येते. ही लक्षणे दिसल्यावर सामान आवरण्याचा विचार न करता जवळच्या काठाने वर चढावे. आणि ओहोळाच्या ज्या बाजूला अडकू त्याच बाजूला थांबावे, कारण डोंगरी ओहोळ जितक्या त्वरेने चढतो तितक्याच त्वरेने, पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत, उतरतोही. गुडघाभर वेगवान पाण्यात पाय टाकणारे वाहून जातात. पलीकडे बसून राहणारे भिजतात, भुकेले होतात, आणि घरी येतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये खारघरच्या पांडवकड्याजवळ चार महाविद्यालयीन विद्यार्थिनी वाहून गेल्या. २०२१ च्या जुलैत खारघरच्याच डोंगरात ओढ्याला पूर येऊन ११६ जण पलीकडच्या काठावर अडकले आणि अग्निशमन दलाने त्यांना बाहेर काढले. २०२४ च्या ३० जूनला लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जणांचा बळी गेला, आणि त्यानंतर आठवडाभरातच आमच्या बेलापुरात, आर्टिस्ट व्हिलेजच्या मागच्या डोंगरात, सुमारे साठ जणांना दोरांच्या साहाय्याने उतरवावे लागले. प्रत्येक प्रसंगानंतर मनाईहुकूम निघतो, फलक लागतो, नाक्यावर पोलीस उभा राहतो. सुमारे १०७ मीटर उंचीच्या पांडवकड्याला तर पावसाळ्यात मज्जाव हा आता दरसालचा शिरस्ता झाला आहे. मनाई वाजवी आहे, हे मान्य. परंतु फलकावर ‘प्रवेश निषिद्ध’ एवढेच लिहिलेले असते. पाणी किती मिनिटांत चढते आणि कोठवर, हे कोणी लिहीत नाही, आणि पूररेषेची खूण कोणत्याही खडकावर रंगवलेली नसते. सबब, ज्याला पोलीस चुकवता येतो तो आपण धोकाही चुकवला असे समजतो. बरे, ही बंदी सप्टेंबरअखेर उठते तेव्हा तिच्यासोबत गर्दीचे औत्सुक्यही उठून जाते, आणि ओहोळ आपल्या सर्वोत्तम अवस्थेत एकटा पडतो.

ती अवस्था आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंतची. परतीचा पाऊस संपून आठवडा-पंधरवडा लोटला की पाणी निवळते, डोहांचा तळ दिसू लागतो, दगडांवरचे शेवाळ सुकते आणि पाय ठरतो. सकाळी लवकर निघावे. तीन-चार जणांहून कमी नसावेत. वाडीवरचा एखादा माणूस मजुरी ठरवून बरोबर घ्यावा, आणि त्याने ‘इथून पुढे नको’ म्हटले की वाद घालू नये. २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून खारघरचा पायथाही बेलापूरकराला फार दूर राहिलेला नाही. मुलांना घेऊन जायचे असेल तर पनवेलपुढील कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य उत्तम. १९६८ साली घोषित झालेल्या या जेमतेम बारा चौरस किलोमीटरच्या रानात वनखात्याने हरियाल आणि मोरटाका या नावांच्या निसर्गवाटा आखल्या आहेत.

आणि ज्याला घळ म्हणजे काय याची परमावधी पाहायची असेल, त्याने अकोले तालुक्यातील साम्रद गाठावे. कसाऱ्याहून घोटीमार्गे भंडारदऱ्याला, आणि तेथून १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाला वळसा घालून साम्रदला जाता येते. गावामागे काही मिनिटे चालल्यावर सपाट जमिनीत एक चीर पडलेली दिसते, तीच सांदण दरी. प्रारंभी ती ओढ्याच्या पात्रासारखी साधी वाटते. मग दोन्ही भिंती चढत जातात, दोनशे-तीनशे फुटांपर्यंत, आणि मधली जागा इतकी आवळते की भर दुपारीही तळाला क्वचितच ऊन शिवते. कमरेइतक्या पाण्याचा एक गार डोह ओलांडावा लागतो, त्यापुढे हत्तीएवढ्या शिळांची रास, आणि जेथे वाट संपते तेथे खोल कोकण एकदम उघडे पडते, समोर आजोबाचा डोंगर. येथील भूगोलाची गंमत अशी, की लगतच्या रतनगडावर उगम पावणारी प्रवरा पूर्वेला वळून गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरास मिळते, तर सांदणीतून पडणारे पाणी पश्चिमेला उतरून अरबी समुद्राची वाट धरते. पावसाळ्यात ही दरी पूर्णतः वर्ज्य. डिसेंबर ते मार्च हे तिचे दिवस. बहुतेक लोक टोकापर्यंत जाऊन त्याच वाटेने साम्रदला परततात आणि त्यात काही कमीपणा नाही. पुढे दोराने कातळटप्पे उतरून शहापूर तालुक्यातील देहणे गावी जाता येते, पण ते काम जाणत्या संस्थेबरोबर, शिरस्त्राण आणि दोराच्या सामानासह करण्याचे. देहण्याहून आसनगाव स्थानकापर्यंतच्या वाहनाची तजवीज मात्र निघण्यापूर्वीच करून ठेवावी, कारण दिवेलागणीनंतर त्या बाजूला गाडी मिळण्याची शाश्वती नसते.